सुधार प्रन्यासाच्या भूखंडाचा ३० वर्षांचा भाडेपट्टा संपत आला आहे : नूतनीकरण कसे करावे?

रेवती_नाग (धागाकर्ती)
नमस्कार. पश्चिम नागपुरातील आमचे घर नागपूर सुधार प्रन्यासाच्या (शहरात भूखंड भाडेपट्ट्याने देणाऱ्या वैधानिक संस्थेच्या) भूखंडावर आहे. आजोबांनी हा भूखंड १९६६ साली ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला, १९९६ साली बाबांनी त्याचे एकदा नूतनीकरण करून घेतले आणि ती दुसरी मुदत या वर्षाअखेर संपत आहे. बाबा आता हयात नाहीत, मात्र प्रन्यासाच्या नोंदीत अजूनही त्यांचेच नाव आहे. आई, पुण्यात असलेला माझा भाऊ आणि मी असे तिघे वारस आहोत. भूभाटकाच्या (जमिनीच्या वार्षिक भाड्याच्या) पावत्या बाबांनी वर्षवार लावून ठेवलेल्या आहेत. घर विकण्याचा विचार नाही. आईला तिथेच राहायचे आहे आणि वरचा मजला बांधण्यासाठी आम्हाला कर्ज हवे आहे. बँकेने पहिलाच प्रश्न पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत असा विचारला आणि तिथेच गाडे अडले.

मुदत संपली की जमीन परत जाते का? भूभाटक भरत राहिले की नूतनीकरण आपोआप होते, असे शेजारी सांगतात, ते कितपत खरे आहे? आणि पट्टा वाढवण्याऐवजी जमीन कायमची मालकी हक्काची करून घेता येते का? ज्यांनी ही प्रक्रिया प्रत्यक्ष पूर्ण केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोकुळपेठी
रेवतीताई, घाबरण्याचे कारण नाही. आमच्या पट्ट्याची मुदत संपून बराच काळ लोटला, पण आम्ही भूभाटक भरतो, पावती मिळते आणि आजवर कोणी घर रिकामे करा असे म्हटलेले नाही. ६० वर्षे वसलेल्या वस्तीला कोण उठवणार? पावत्या जपून ठेवा, तेवढे पुरे.

अधिवक्ता_म
गोकुळपेठी यांचा अनुभव खरा असेल, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे आणि तो या शहरात इतका रूढ झाला आहे की त्याचे खंडन सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११६ मध्ये अशी तरतूद आहे की मुदत संपल्यावरही पट्टेदार ताब्यात राहिला आणि पट्टा देणाऱ्याने भाडे स्वीकारले किंवा अन्य प्रकारे संमती दिली, तर विरुद्ध करार नसल्यास पट्टा पुढे चालू राहतो. मात्र तो किती काळासाठी चालू राहतो हे कोणी वाचत नाही. शेतीसारख्या प्रयोजनासाठी तो वर्षागणिक आणि निवासासाठी महिन्यागणिक चालू राहतो. याचा सरळ अर्थ असा की पावत्यांच्या बळावर तुम्हाला फार तर महिन्यागणिक चालणारा पट्टा मिळतो, पुढची ३० वर्षे मिळत नाहीत. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा त्याच अधिनियमाच्या कलम १०७ नुसार नोंदणीकृत दस्तानेच होतो. पावती म्हणजे दस्त नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे मुदतवाढ आणि नूतनीकरण यांचे परिणाम वेगळे आहेत. मुदतवाढीत जुनाच पट्टा पुढे चालतो, तर नूतनीकरणात जुना पट्टा संपून नवा जन्माला येतो आणि त्यासाठी नवा दस्त करावा लागतो. अलाहाबादच्या एका नझूल (म्हणजे शहरातील शासकीय मालकीच्या) जमिनीच्या पट्ट्यावरून उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध लालजी टंडन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हा भेद स्पष्ट केला आहे. नूतनीकरणाचा हक्क मूळ दस्तात दिलेला असेल, तर तो त्या दस्तात सांगितलेल्या रीतीनेच वापरावा लागतो. म्हणून रेवतीताई, सगळी कामे बाजूला ठेवून १९९६ चा दस्त काढा आणि नूतनीकरणाचे कलम शब्दन् शब्द वाचा. मागणी किती आधी करायची, लेखी करायची का, पुढील नूतनीकरणाची तरतूद आहे की एकदाच दिलेली आहे, नवे भूभाटक कोणी ठरवायचे, हे सारे तिथेच असते.

गोकुळपेठी
वकीलसाहेब, आपण म्हणता ते कायद्याच्या पुस्तकात असेल. पण कार्यालय स्वतः पैसे घेत असेल, तर उद्या तेच कार्यालय आम्हाला अनधिकृत कसे म्हणेल?

अधिवक्ता_म
अनधिकृत म्हणेल असे मी म्हटलेले नाही. तुमच्या हाती जे उरते त्यावर बँक कर्ज देत नाही, समजूतदार खरेदीदार इसार देत नाही आणि बांधकामाच्या परवानगीच्या वेळी नेमका हाच मुद्दा पुढे येतो, एवढेच माझे म्हणणे आहे. घरातून कोणी उठवत नाही हे खरे, पण त्या घराचे पुढे काहीच करता येत नाही हेही तितकेच खरे आहे.

निवृत्त_भूमापक
माझी सारी नोकरी नगर भूमापनात गेली. माझा सल्ला असा की नूतनीकरणाच्या अर्जाआधी जमीन नक्की कोणाची आहे याची कागदावर खात्री करून घ्यावी. नागपुरात घरमालक सर्रास म्हणतो, आमची लीजची जागा आहे. पण पट्टा देणारा कधी सुधार प्रन्यास असतो, कधी नझूल म्हणून महसूल विभाग असतो, कधी म्हाडा असते. जुन्या विदर्भ गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती पुढे म्हाडाकडे आल्या, त्यामुळे काही जुन्या कागदांवर एक नाव आणि आजच्या पत्रव्यवहारात दुसरे नाव दिसते. तिघांचे नियम वेगळे, कार्यालये वेगळी आणि पैसे आकारण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत.

रेवती, नगर भूमापन कार्यालयातून ताजी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढ. तिच्यावर धारणाधिकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे याचा, रकाना असतो आणि पट्ट्याची नोंद असल्यास तीही दिसते. त्यानंतर मोजणी करून घे आणि क-प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) मिळव. हे मी आग्रहाने सांगतो आहे, कारण दस्ताच्या परिशिष्टात लिहिलेले क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुन्या भूखंडांत पुष्कळदा जुळत नाही. मी पाहिलेल्या एका प्रकरणात परिशिष्टात उत्तरेस ३० फूट रस्ता अशी चतुःसीमा होती, प्रत्यक्षात मात्र कुंपणाची भिंत त्या रस्त्यात सव्वा हात पुढे सरकलेली होती. ती भिंत आजोबांच्या काळात कोणीतरी जांभळाचे झाड वाचवण्यासाठी वळवली होती. झाड केव्हाच गेले, पण भिंत तशीच राहिली आणि नूतनीकरणाच्या वेळी स्थळपाहणीत नेमकी तीच सापडली. ही माहिती पाहणीला येणाऱ्या अभियंत्याकडून कळण्याऐवजी तुमच्या हातातल्या क-प्रतीवरून आधी कळलेली बरी.

अमरावतीकर
एवढा खटाटोप कशासाठी? शासनाने विदर्भासाठी अभय योजना आणलेली आहे. बाजारमूल्याच्या अवघे २ टक्के भरा आणि जमीन भोगवटादार वर्ग १, म्हणजे पूर्ण मालकी हक्काची, करून घ्या. माझ्या मामांनी अमरावतीत हेच केले आणि आता नूतनीकरणाची कटकट कायमची मिटली आहे.

सदरवासी
अमरावतीकर यांची माहिती बरोबर आहे, परंतु ती रेवतीताईंच्या जमिनीला लागू होत नाही. २०२४ साली जाहीर झालेली ती विशेष अभय योजना नागपूर आणि अमरावती विभागांतील निवासी नझूल जमिनींसाठी आहे. त्याआधी ८ मार्च २०१९ रोजी शासनाने भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर निर्बंध असलेल्या) आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी वर्ग १ करण्याचे नियम काढले होते. तेही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली शासनाने दिलेल्या जमिनींसाठीच आहेत. सुधार प्रन्यास ही १९३६ च्या स्वतंत्र अधिनियमाने स्थापन झालेली संस्था आहे आणि तिच्या भूखंडांना १९८३ चे भूमी विल्हेवाट नियम लागू होतात. ताईंच्या आखीव पत्रिकेवर प्रन्यासाची नोंद असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत अर्ज करण्यात वेळ जाईल आणि इकडे मुदत निघून जाईल.

मात्र ज्यांची जमीन खरोखर नझूल आहे, त्यांनी हा प्रतिसाद वाचून स्वस्थ बसू नये. २ टक्के हा दर नेहमीचा नाही. २०१९ च्या नियमांतच निवासी भाडेपट्ट्यासाठी सवलतीच्या काळातला दर २५ टक्के होता, यावरून फरक लक्षात यावा. योजनेची मुदत मध्यंतरी वाढवण्यात आली होती. आपल्या प्रकरणात ती आज लागू आहे का, हे नझूल शाखेकडून लेखी विचारून घ्यावे.

अमरावतीकर
सदरवासी, हा भेद स्पष्ट केल्याबद्दल आभार. मामांची जमीन नझूलचीच होती.

रेवती_नाग
सर्वांचे मनापासून आभार. आखीव पत्रिकेसाठी अर्ज केला आहे. आणखी एक विचारायचे आहे. बाबांनंतर आमची नावे लागलेली नाहीत. आधी नावे लावावीत आणि मग नूतनीकरण मागावे, की दोन्ही एकदम करता येते? भावाला हिस्सा नको आहे, घर आईच्या नावे व्हावे अशी त्याचीच इच्छा आहे. तो म्हणतो, साध्या कागदावर संमतिपत्र लिहून देतो.

अधिवक्ता_म
साध्या कागदावरील संमतिपत्राने स्थावर मालमत्तेतील हक्क सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. तुमच्या भावाला नागपुरात येणे शक्य नसेल तर मुखत्यारपत्र करता येईल, पण भाऊ पुण्यातच असल्यामुळे एकदा येऊन स्वतः सही करणे केव्हाही उत्तम.

वारसांची नावे लावण्यासाठी कार्यालय काय मागते हे प्रकरणावर अवलंबून असते. कुठे मृत्यूचा दाखला, शपथपत्र आणि सर्व वारसांची संमती यांवर काम होते, तर कुठे न्यायालयाचे प्रमाणपत्र मागितले जाते. तसे मागितल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र बँकेतील ठेवी, रोखे, येणी अशांसाठी असते. स्थावर मालमत्तेसाठी आपल्याकडे १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालील वारस प्रमाणपत्र घेतात. चुकीचा अर्ज करून महिनोन्महिने गेल्यावर हे लक्षात आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

क्रमाविषयी माझे मत असे आहे की नावे लागण्याची वाट पाहत नूतनीकरणाची मागणी थांबवू नये. मुदत संपण्यापूर्वी तिन्ही वारसांच्या सहीने मागणीचा लेखी अर्ज आवक शाखेत द्यावा. वारस नोंदीचा अर्ज सोबतच सादर केला आहे असे त्यात नमूद करावे आणि आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. नंतर वाद झालाच, तर हक्क वेळेत बजावला होता हे दाखवणारा तोच एक कागद असेल.

सहनिवास_सचिव
वैयक्तिक घरांविषयी उत्तम चर्चा झाली आहे. मी सदनिकाधारकांची बाजू मांडतो, कारण पुढच्या काही वर्षांत हा प्रश्न नागपुरात मोठा होणार आहे. आमची इमारत भाडेपट्ट्याच्या भूखंडावर आहे. विकासकाने महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली घोषणापत्र केले आणि प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट (सदनिकेचा हस्तांतरण दस्त) करून दिले. त्यात जमिनीतील अविभक्त हिश्श्याची टक्केवारी आहे. लोकांना वाटले, आपण मालक झालो. परंतु तो हिस्सा जमिनीच्या मालकीतला नसून पट्ट्याच्या हक्कातला आहे. पट्ट्याची मुदत संपली की वरच्या मजल्यावरील सदनिकेचाही पाया डळमळतो.

अडचण अशी की पट्टा देणाऱ्याच्या दप्तरी मूळ भूखंडधारकाचेच नाव आहे. त्यांचे वारस तीन शहरांत विखुरलेले आहेत आणि त्यांना यात काही रस उरलेला नाही. काही सदनिकाधारक म्हणतात, आम्ही लवकरच विकणार आहोत, तेव्हा पैसे कशाला भरू? काहींची सदनिका भाड्याने दिलेली आहे. आम्ही संघटनेची विशेष सभा घेतली, घोषणापत्रातील टक्केवारीनुसार खर्च वाटून घेण्याचा ठराव केला आणि पत्रव्यवहारासाठी दोन जणांना अधिकारपत्र दिले. सभेनंतर विरोध बराच मावळला, कारण पुनर्विक्रीच्या वेळी खरेदीदाराची बँक हाच कागद मागते हे विकू इच्छिणाऱ्यांनाही पटले. ज्यांची सदनिका अशा भूखंडावर आहे, त्यांनी आपल्या डीडमध्ये पट्टा कोणत्या वर्षी संपतो हे आजच पाहावे.

गोकुळपेठी
सचिवसाहेब, आमच्या मागच्या गल्लीतील इमारतीत नेमके हेच चालले आहे. त्यांना हा धागा पाठवतो.

लीड्सची_आई
माझी मुलगी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहते. तिच्या सदनिकेचा पट्टा वाढवताना मी तो सारा व्यवहार जवळून पाहिला, म्हणून तुलनेसाठी लिहिते. तिकडे सदनिका पट्ट्याने घेणे हीच सर्वसाधारण रीत आहे आणि १९९३ च्या कायद्याने सदनिकाधारकाला पट्टा वाढवून मागण्याचा वैधानिक हक्क दिलेला आहे. त्या कायद्यानुसार उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर पडते आणि भूभाटक शून्यावर येते. किंमत सूत्राने ठरते, मतभेद झाल्यास न्यायाधिकरण ठरवते. मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की पट्टा वाढवल्याने सदनिकेचे जे मूल्य वाढते त्याचा अर्धा वाटाही जमीनमालकाला द्यावा लागतो, म्हणून तिकडचे लोक ८० चा आकडा डोळ्यांत तेल घालून पाहतात. २०२४ साली नवा कायदा मंजूर झाला. त्यात ९९० वर्षांची वाढ आणि तो जादा वाटा रद्द करण्याची तरतूद आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असून, अर्जापूर्वी दोन वर्षे मालकी असण्याची अट ३१ जानेवारी २०२५ पासून उठली.

हे वाचताना मला एकच वाटते. तिकडे हा हक्क कायद्यात लिहिलेला असल्याने सदनिकाधारक आपला दस्त कसाही असला तरी ताठ मानेने मागणी करतो. आपल्याकडे सारे दस्तातील एका कलमावर आणि संबंधित संस्थेच्या नियमांवर अवलंबून आहे. ३० वर्षे ही मुदत एका पिढीच्याही पुरती नाही. विदर्भातील आमदारांनी हा विषय नझूलपुरता न ठेवता सर्व निवासी पट्ट्यांसाठी मांडायला हवा.

सदरवासी
ताईंशी पूर्ण सहमत. नझूलधारकांना सवलत आणि शेजारच्याच लेआउटमधील पट्टेदाराला दर ३० वर्षांनी धाकधूक, हे न्याय्य नाही.

त्रिमूर्तीनगर
शर्तभंगाविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्या पट्ट्यात फक्त निवासी वापर अशी अट आहे. काकांनी तळमजल्याची एक खोली शिकवणी वर्गासाठी भाड्याने दिली होती आणि बाहेर फलक होता. नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर स्थळपाहणी झाली आणि शर्तभंगाची नोटीस आली. वर्ग बंद केला, फलक काढला, तसे छायाचित्रांसह लेखी कळवले आणि नियमानुसार आकारलेली रक्कम भरली, तेव्हा प्रकरण पुढे सरकले. दवाखाना, पार्लर, पोर्चवर टाकलेले पत्र्याचे शेड, परवानगीविना केलेली विक्री, या साऱ्यांची उत्तरे अर्जाआधीच तयार ठेवावीत.

त्यानंतर आमची नस्ती (फाइल) ज्या कार्यालयात होती, तिथे ती सापडत नाही असे तोंडी सांगण्यात आले. आम्ही वाद घातला नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचे शुल्क भरून नस्तीची पाहणी मागितली. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. त्या मुदतीत नस्ती सापडली. पाहणीत असे दिसले की भूभाटकाच्या खतावणीत दोन वर्षांच्या रकमा थकीत दाखवल्या होत्या, आणि त्यांच्या शिक्का मारलेल्या पावत्या आमच्याकडे होत्या. छायाप्रती जोडून दुरुस्ती मागितली आणि त्यावरचे व्याजही वगळले गेले. रेवतीताई, बाबांनी लावून ठेवलेल्या त्या पावत्या म्हणजे तुमची मोठी शिदोरी आहे. मूळ प्रती कोणालाही देऊ नका.

निवृत्त_भूमापक
ज्यांचा मूळ दस्तच हरवला असेल त्यांनीही निराश होऊ नये. दस्त नोंदणीकृत असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. वर्ष आणि पक्षकाराचे नाव ठाऊक असले की सूचीवरून शोध घेता येतो.

अमरावतीकर
नव्या दस्ताला मुद्रांक शुल्क किती लागते, हे कोणी सांगेल का? मामांच्या वेळी हा प्रश्न आला नव्हता.

अधिवक्ता_म
महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १ मधील अनुच्छेद ३६ भाडेपट्ट्यासाठी आहे. पट्टा ५ वर्षांपर्यंत असेल तर बाजारमूल्याच्या १० टक्क्यांवर, ५ ते १० वर्षांसाठी २५ टक्क्यांवर, १० ते २९ वर्षांसाठी ५० टक्क्यांवर आणि २९ वर्षांहून अधिक मुदतीसाठी ९० टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने शुल्क धरले जाते. नूतनीकरणाचा काळ दस्तात नमूद असल्यास तोही मुदतीत मोजला जातो. ३० वर्षांचा पट्टा अर्थातच शेवटच्या गटात येतो. मात्र वैधानिक संस्थेने स्वतः करून दिलेल्या दस्ताचे मूल्यांकन कोणत्या रकमेवर करायचे हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्यामुळे अंदाजाने शुल्क भरू नये. मसुदा हाती येताच कलम ३१ खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी (शुल्क अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी) द्यावा आणि ठरलेली रक्कम भरूनच दस्ताची नोंदणी करावी.

रेवती_नाग
आतापर्यंतची स्थिती कळवते. आखीव पत्रिका मिळाली आणि जमीन प्रन्यासाचीच आहे. १९९६ चा दस्त बाबांच्या कपाटात सापडला. त्यात पुढील ३० वर्षांच्या नूतनीकरणाचे कलम आहे, मात्र मुदत संपण्यापूर्वी लेखी मागणी आणि सर्व शर्तींचे पालन अशा दोन अटी आहेत. भूभाटकाचा नवा दर त्या वेळच्या नियमांनुसार राहील असे लिहिले आहे. अधिवक्ता_म यांनी सांगितल्याप्रमाणे तिघांच्या सहीचा अर्ज आम्ही दिला आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. भाऊ पुढच्या महिन्यात हक्कसोडपत्रासाठी येत आहे. निवृत्त_भूमापक काकांनी सुचवलेल्या मोजणीचे शुल्कही भरले आहे.

एक शंका उरली आहे. प्रन्यासाच्या मागणीपत्रात एका वर्षाचे भूभाटक थकीत दाखवले आहे आणि त्याची पावती आम्हाला सापडत नाही. बाबांच्या बँक पासबुकात त्या तारखेच्या आसपास तेवढ्याच रकमेचा धनादेश वटलेला दिसतो. रक्कम लहान आहे. वाद घालावा की भरून टाकावी?

त्रिमूर्तीनगर
रक्कम भरा, पण हक्क राखून भरत आहोत असे पत्र चलानासोबत द्या आणि त्याची पोच घ्या. त्या पत्राला पासबुकाच्या पानाची छायाप्रत जोडून खतावणीत दुरुस्ती मागा. दुरुस्ती झाल्यास पुढील भूभाटकात वळती करण्याची विनंतीही त्याच पत्रात करा. लहान थकबाकीमुळे अर्ज अडवून ठेवायला निमित्त मिळू देऊ नका.

अधिवक्ता_म
सहमत. शक्य असल्यास बँकेकडून त्या धनादेशाचा तपशीलही लेखी मागवा. खूप जुनी नोंद असेल तर बँकेला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज याच आठवड्यात द्या.